मूठ बाहेरची, फ्रेम क्लबची

मागच्या ऑगस्टमध्ये आमच्या रूमवर तीन दिवस अबोला होता. मुलींच्या हॉस्टेलमध्ये अबोला म्हणजे काही बातमी नव्हे. बादलीवरून होतो, पंख्याच्या स्पीडवरून होतो. पण आमचा झाला तो एका स्क्रूवरून. पाच मिलिमीटर जाडीचा, बोटाच्या पेरापेक्षा थोडा लांब. त्या स्क्रूची ही गोष्ट आहे. मेकॅनिकलवाल्यांना तरी ती आवडेल, बाकीच्यांनी गणिताचा परिच्छेद सोडून वाचावी!

माझी रूममेट कोल्हापूरकडची. तिकडे नेमबाजी म्हणजे घरचं कार्य. राही सरनोबत कोल्हापूरची, २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण. स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातला, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलचं ब्राँझ. त्याच ऑलिंपिकमध्ये मनू भाकरनं पिस्तुलात दोन ब्राँझ घेतली आणि आमच्या बाईसाहेबांनी ठरवलं की आता आपणही १० मीटर एअर पिस्तूल खेळायचं. शहरातल्या एका क्लबात नाव घातलं. मी आपली सोबतीला जायचे. रेंजबाहेरच्या टपरीवरचा चहा फार छान असतो.

अडचण एकच होती. ही डावखुरी.

ज्यांनी मॅच पिस्तूल जवळून पाहिलेलं नाही त्यांना यात अडचण काय ते कळणार नाही. सिनेमातल्या पिस्तुलाची मूठ दोन्ही बाजूंनी सारखी असते. मॅच पिस्तुलाची मूठ मात्र हाताचा साचा काढल्यासारखी कोरलेली लाकडाची असते. अंगठ्याला वेगळी जागा, बोटांना वेगळे खळगे, तळहाताखाली टेकायला एक फळी. उजवी मूठ डाव्या हातात धरणं म्हणजे उजवा बूट डाव्या पायात घालून पळणं. क्लबात चार पिस्तुलं, चारही उजवी. कंपनीची डावी मूठ परदेशातून मागवायची तर जी किंमत ऐकली ती इथे लिहीत नाही, मेसचं बिल त्यापुढे गरीब वाटेल.

मग तिनं गावी जाऊन ओळखीच्या सुतारकाकांकडून सागवानाची मूठ करून आणली. उजव्या मुठीचे फोटो, मापं, आणि आरशात पाहून काढलेलं चित्र, एवढ्यावर त्या माणसानं जे कोरलंय ते बघण्यासारखं आहे. नियमही पाळलेले होते: आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे एअर पिस्तूल मुठीसकट ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे, वजन दीड किलोच्या आत पाहिजे, आणि मुठीनं मनगटाला कुठलाही आधार देता कामा नये. सगळं बसत होतं. दोन महिन्यांत तिचे आकडे असे सुधारले की क्लबातले सीनियर वळून बघायला लागले.

आणि एका शनिवारी मूठ हलायला लागली. स्क्रू फिरवावा तर नुसताच गोल फिरतोय, धरतच नाहीये.

क्लबातल्या एका काकांनी बघून सांगितलं, "आटा गेला." मी कॉन्व्हेंटची. मला आटा म्हणजे कणीक. दोन सेकंद मला कळेचना की पिस्तुलात कणीक कशाला लागते! आटे म्हणजे स्क्रूचे थ्रेड्स हे त्या दिवशी कळलं. (तीन वर्षं मेकॅनिकल शिकून. असो.) स्क्रूचे आटे शाबूत होते. गेले होते ते पिस्तुलाच्या फ्रेममधले, ॲल्युमिनियममधले. म्हणजे दोन रुपयांची नव्हे, मुख्य वस्तूचीच खराबी.

सरांचा निर्णय तिथल्या तिथे झाला. "बाहेरच्या वस्तू लावल्या की हेच होतं." दुरुस्तीसाठी फ्रेम बाहेर पाठवायची, साडेचार हजार रुपये हिनं भरायचे, आणि दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस: बाहेरील ग्रिप लावण्यास सक्त मनाई. सर वाईट नाहीत. चार पिस्तुलांत चाळीस मुलं सांभाळतात, त्यातलं एक पडलं तर दहा जणांचा सराव बुडतो. पण या नोटिशीचा अर्थ हिच्यापुरता असा होता की खेळ संपला. निवड चाचणीला सहा आठवडे होते आणि उजव्या मुठीत तिला खेळता येत नाही.

म्हणून प्रश्न पडला. बाहेरून आणलेल्या मुठीनं पिस्तुलाची फ्रेम खरंच खराब होते का? मी विचारत सुटले, तर उत्तरं दोनच मिळाली. एक, "लाकडानं कधी धातू मोडतो का?" दुसरं, "कंपनीचंच वापरावं." दोन्ही ठामपणे, आणि दोन्हीत कारण कुणी देईना. शेवटी आमच्या वर्कशॉपमधल्या काकांकडे गेले. ते म्हणाले, "अगं, मूठ नको बघूस, जोड बघ. दोन वस्तू जिथं भेटतात तिथंच भांडण होतं."

मग जोड बघायला लागले.

फ्रेम म्हणजे पिस्तुलाचा सांगाडा. नळी, ट्रिगर, बाकी यंत्रणा सगळी तिच्यावर बसते. मूठ त्या सांगाड्याला कशी जोडलीय आणि सांगाडा कशाचा आहे, या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून. याची सगळ्यात शिकण्यासारखी उदाहरणं अमेरिकन पिस्तुलांत सापडतात, कारण तिकडे लोक हौसेनं मुठी बदलतात, जशा आपल्याकडे बाइकच्या सीट बदलतात.

जॉन ब्राउनिंगचं कोल्ट पिस्तूल अमेरिकन सैन्यानं १९११ मध्ये स्वीकारलं, म्हणून त्याचं नावच १९११ पडलं. १९८५ पर्यंत ते सैन्याचं अधिकृत पिस्तूल होतं, आणि आजही बनतं. त्याची फ्रेम स्टीलची, तिच्या दोन बाजूंना लाकडाच्या दोन पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीला दोन स्क्रू. आता गंमत बघा. हे स्क्रू सरळ फ्रेममध्ये जात नाहीत. फ्रेममध्ये आधी चार छोटे बुश आट्यांनी बसवलेले असतात आणि स्क्रू त्या बुशमध्ये जातो. का? कारण फ्रेमची भिंत तिथं पातळ, तिच्यात आटे मोजकेच बसतात. स्क्रू वारंवार काढून घालून झिजायचाच असेल तर स्वस्तातला बुश झिजू दे, फ्रेम नको.

इतका विचार करूनही लोक फ्रेम बिघडवतातच. कसे, तर नवी हौसेची मूठ लावली, स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लॉक करणारं चिकट औषध भरपूर घातलं, ते ओघळून बुशपर्यंत गेलं आणि पक्कं झालं. पुढच्या वेळी स्क्रू उलटा फिरवला की त्याच्याबरोबर बुशच फिरत बाहेर येतो आणि फ्रेमचे ते मोजके, नाजूक आटे सोबत घेऊन येतो. मग मोठ्या मापाचा बुश बसवून दुरुस्ती. स्टीलच्या फ्रेममध्ये हे होतं, ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये आणखी लवकर होतं. कोल्टनं १९११ ची हलकी आवृत्ती, कमांडर, ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये काढली तेव्हापासून ही काळजी जास्तच आली.

उलटंही होतं. नवी पट्टी मूळ पट्टीपेक्षा पातळ असली आणि स्क्रू जुनाच लांब वापरला, तर त्याचं टोक आत निघतं आणि मॅगझिनला घासतं. फ्रेम मोडत नाही, पण मॅगझिन अडकतं आणि दोष मुठीला! म्हणजे मूठ जाड झाली तरी स्क्रूकडे बघायचं, पातळ झाली तरी स्क्रूकडेच.

रिव्हॉल्व्हरवाले जरा शहाणे निघाले. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मुठीचा स्क्रू फ्रेममध्ये आटे पाडून जातच नाही. तो एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जातो, फ्रेम मधल्यामध्ये चिमटली जाते, आणि फ्रेमवर एक बारीक पिन असते ती मूठ जागच्या जागी धरते. कुणी राक्षसासारखा स्क्रू आवळला तर लाकूड तडकतं. फ्रेमला ओरखडाही येत नाही. मला हे डिझाइन फार आवडलं. घरात भांडण झालं की उशी फेकावी, टीव्ही नव्हे, तसं.

आणि ज्यांना स्क्रूच नाही त्यांचं काय? ऑस्ट्रियाच्या सैन्यानं १९८२ मध्ये ग्लॉक १७ घेतलं, त्याची फ्रेम पॉलिमरची. मूठ आणि फ्रेम एकच तुकडा. रबरी मोजा चढवला तर फ्रेमला काही होत नाही, फार तर आत घाम आणि कचरा साठतो. धोका आहे तो सोल्डरिंग आयर्ननं मुठीवर खडबडीत ठिपके पाडणाऱ्यांना. भिंत काही मिलिमीटरची, आयर्न जरा जास्त टेकवली की पॉलिमर वितळून भिंत पातळ होते, आणि ते परत भरून येत नाही. कंपनीनं २०१० च्या चौथ्या आवृत्तीत मुठीच्या पाठीमागं लावायचे सुटे तुकडेच दिले, वेगवेगळ्या मापांचे. म्हणजे मूठ बदलणं हे पाप नाही हे कंपनीनंही मान्य केलं म्हणायचं!

घामाचा विषय निघाला म्हणून एवढं सांगते की स्टीलच्या फ्रेमला मुठीपासून जो खरा, हळूहळू होणारा धोका आहे तो गंजाचा. रबरी किंवा चामड्याच्या मुठीखाली घाम अडकतो, वरून काही दिसत नाही, आणि सहा महिन्यांनी मूठ काढावी तर खाली खड्डे पडलेले. आपल्याकडच्या जुलै महिन्यात, ज्या हवेत हॉस्टेलच्या दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत, त्या हवेत तर नक्कीच.

आता आमचं पिस्तूल. काकांच्या सांगण्यावरून मी सरांकडे गेले आणि विनंती केली की बाहेर पाठवण्याआधी आमच्या वर्कशॉपमध्ये एकदा बघू द्या. सरांनी नळी, सिलिंडर, ट्रिगर सगळं उतरवून नुसती फ्रेम दिली, तीही रजिस्टरवर सही घेऊन. या पिस्तुलात मुठीच्या तळातून वर जाणारा एकच स्क्रू आहे. एम-फाइव्ह, पिच ०.८ मिलिमीटर. म्हणजे एक फेरा फिरवला की ०.८ मिलिमीटर आत.

व्हर्नियर घेऊन बसलो. कंपनीच्या मुठीत तो स्क्रू ४.८ मिलिमीटर फ्रेममध्ये जात होता, म्हणजे सहा आटे. सागवानी मुठीत? १.६ मिलिमीटर. दोन आटे. फरक ३.२ मिलिमीटरचा. काकांनी आकडा बघितला आणि हसले. "एक सूत," ते म्हणाले. सुतार लोक आजही सूतात मापतात, इंचाचा आठवा भाग. त्या भल्या माणसानं तळाशी एक सूत लाकूड जास्त ठेवलं होतं, नंतर तासून हातात बसवायला सोयीचं म्हणून. हातात मूठ आधीच छान बसली, तासायची गरजच पडली नाही, आणि ते एक सूत तसंच राहिलं. त्या एका सूतानं सहातले चार आटे खाल्ले.

दोन आटे म्हणजे किती जोर? इथे जरा गणित करते. मुठीच्या स्क्रूला आपण जी पिळ देतो तिचं ओढीत रूपांतर होतं. पुस्तकातलं सूत्र आहे: ओढ म्हणजे पिळीला ०.२ गुणिले स्क्रूच्या व्यासानं भागायचं. ॲलन कीचा लांब दांडा आठ सेंटिमीटर, टोकाला सहा किलोचा जोर, म्हणजे साधारण ४.८ न्यूटन-मीटर. भागा. उत्तर येतं ४८०० न्यूटन, जवळजवळ अर्ध्या टनाची ओढ! मी तीनदा केलं गणित, विश्वास बसेना. मनगटाच्या एका झटक्यात अर्धा टन. आता ॲल्युमिनियमची कातरण्याला टिकायची ताकद साधारण २०० मेगापास्कल धरली तर दोन आटे सुमारे ३५० किलोवर सुटतात. सहा असते तर हजार किलोच्या पुढे टिकले असते. शिवाय सगळे आटे सारखा भार घेत नाहीत, पहिला आटा सगळ्यात जास्त घेतो, म्हणजे प्रत्यक्षात याहून वाईटच. हा अंदाज आहे, प्रयोग नव्हे. पण साडेतीनशे आणि पावणेपाचशे यांत बरंच अंतर आहे.

मग मी काकांना विचारलं, लाकूड आधी का नाही दबलं? इतकी ओढ आली तर मऊ वस्तूनं हार मानायला हवी होती. काकांनी दोन चकत्या टेबलावर ठेवल्या. कंपनीच्या मुठीत स्क्रूच्या डोक्याखाली पितळेची छोटी चकती होती. जास्त आवळलं की ती लाकडात रुतते, कर्र असा आवाज येतो, माणूस थांबतो. सागवानी मुठीत मजबुतीसाठी मोठी, जाड स्टीलची चकती घातली होती. तीच ओढ जवळजवळ तिप्पट जागेवर पसरली, लाकडाला काही कळलंच नाही, आणि सगळा राग फ्रेमच्या दोन आट्यांवर निघाला. म्हणजे मजबूत करायला गेलो आणि कमजोर जागा लाकडातून उचलून फ्रेममध्ये नेऊन ठेवली.

आट्यांत थोडी पांढरी पूडही निघाली. स्टीलचा स्क्रू, ॲल्युमिनियमची फ्रेम आणि मधे घामाचं मीठ, तिथं ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. पण ती पूड खोल आट्यांतही होती, जिथं सागवानी मुठीचा स्क्रू कधी पोचलाच नाही. म्हणजे ती जुनी. आधीच्या कित्येक उजव्या हातांची.

हे सगळं मी वहीत नीट मांडलं, आकृती काढली, आणि मग एक ओळ राहिली. ती चकती कुणी घातली आणि स्क्रू कुणी आवळला?

चकती मी घातली होती. आमच्या वर्कशॉपच्या डब्यातून आणून. आणि त्या शुक्रवारी ती म्हणाली होती, "अगं, जरा हलतेय वाटतं," तर मी म्हटलं, "आण इकडे, मी मेकॅनिकलची आहे." ॲलन कीचा आखूड दांडा हातात न धरता लांब दांडा धरला, म्हणजे जोर जास्त लागतो ना! शेवटी एकदम हलकं लागलं होतं. मला वाटलं, बसला नीट.

त्या रात्री तिला सांगितलं. अबोला झाला तो तेव्हा. पैशांवरून नव्हे. नोटीस लागली त्या दिवशी सरांसमोर ती एकटी उभी होती आणि मी टपरीवर चहा पीत होते, यावरून.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन सरांकडे गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं, वही दोनदा उलटीसुलटी बघितली आणि म्हणाले, "फ्रेम दुरुस्त होते का ते सांग, बाकी मग." दुरुस्ती काकांनी केली, मी फक्त धरून उभी होते. ५.२ मिलिमीटरच्या ड्रिलनं भोक साफ केलं, खास टॅप फिरवला आणि आत हेलिकॉइल बसवलं. हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तारेची आट्यांच्या आकाराची स्प्रिंग. बाहेरून ती मोठ्या व्यासावर ॲल्युमिनियमला धरते, आतून स्क्रूला स्टीलचे आटे मिळतात. आधीच्यापेक्षा जोड पक्का. सामान वर्कशॉपमध्येच होतं, आणि त्या एका स्प्रिंगची किंमत कँटीनच्या थाळीपेक्षा कमी. साडेचार हजार वाचले. क्लबाला फ्रेमच्या तपासणीचे सातशे रुपये द्यावे लागले, ते मी दिले.

मुठीच्या तळातलं ते एक सूत काकांनी रंध्यानं नव्हे, कानशीनं घासून काढलं, कारण सुताराचं काम त्यांना बिघडवायचं नव्हतं. पितळेची छोटी चकती परत आली. ॲलन की आता आखूड बाजूनं, दोन बोटांत धरून फिरवायची, आणि स्क्रूच्या डोक्यावर व लाकडावर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मारलीय. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला असं समजायचं. पावसाळ्यात सागवान थोडं फुगतं, उन्हाळ्यात बसतं, त्यामुळे महिन्यातून एकदा बघावंच लागतं. सैल झाला असेल तर रेघेपर्यंतच, पुढे नाही.

बोर्डावरची नोटीस सरांनी काढली नाही. पण तिच्याखाली पेनानं एक ओळ वाढवली आहे: स्क्रूची लांबी दाखवून परवानगी घ्यावी. मागच्या महिन्यात एक नवा मुलगा त्यासाठी आमच्या हॉस्टेलच्या गेटपर्यंत आला होता, त्याच्या काकांनी कोरलेली मूठ आणि एक स्क्रू कागदात गुंडाळून. वॉचमनकाका त्याला आत सोडेनात. शेवटी माझी रूममेट व्हर्नियर घेऊन खाली गेली आणि गेटवरच्या दिव्याखाली त्याचे आटे मोजून आली. पाच भरले. म्हणाली, "एक कमी आहे, त्याला लांब स्क्रू आणायला सांगितलाय."